‘आमच्यात जात नाही’ म्हणणाऱ्या मंडळींसाठी

‘आमच्यात जात नाही’ हे वाक्य औरंगाबादच्या आमच्या छावणीत मी जितक्या वेळा ऐकलंय, तितक्या वेळा प्रभूची प्रार्थनाही ऐकली नसेल. म्हणणारी माणसं खोटारडी नाहीत. ती नेमानं रविवारी उपासनेला येतात, नाताळात शेजारच्या मुसलमान आणि बौद्ध घरांत फराळाची ताटं पोचवतात, शेजाऱ्याच्या अडीनडीला मध्यरात्री धावून जातात. पण मुलीला स्थळ सांगून आलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘मूळचे कुठले?’ आणि दुसरा: ‘कुठल्या मिशनचे?’

बाहेरच्याला यात काही वावगं दिसायचं नाही. नाव डेव्हिड किंवा रूथ, आडनाव गायकवाड किंवा साळवे. तेवढ्यावरून नेमका अंदाज लागत नाही, म्हणून गाव विचारायचं आणि मिशन विचारायचं. नगरला 1831 पासून अमेरिकन मराठी मिशन, मागाहून एसपीजी. औरंगाबादेत सीएमएस. जालन्याला फ्री चर्चचे रेव्हरंड नारायण शेषाद्री. वैजापूरकडे घोगरगावात कॅथलिक फादर. कुठल्या मिशनची माणसं कुठल्या गावात, गावकुसाबाहेरच्या नेमक्या कोणत्या वस्तीत आधी शिरली, हे आमच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. दोन प्रश्नांत जात निघते आणि ‘जात’ हा शब्द उच्चारावाही लागत नाही.

माझं माहेर जालन्याकडचं, मांग समाजातून ख्रिस्ती झालेलं. सासर नगरकडचं, महार समाजातून आलेलं. दोन्ही घरांत कित्येक पिढ्यांचे बाप्तिस्मे झालेले. मी लग्न होऊन छावणीत आले तेव्हा सासूबाई महिला मंडळ चालवायच्या, रोज पहाटे स्तोत्रं वाचायच्या आणि माझ्या हातच्या कालवणाला हात लावायच्या नाहीत. कारण काय, तर ‘तुझ्या हातचं तिखट मला सोसत नाही गं.’ मी मिरची कमी केली, मग जवळजवळ बंदच केली, तरी सोसेना. घरात या विषयावर एक अक्षर कुणी काढलं नाही. सासरे तर रविवारी शास्त्रपाठ वाचणारे. पुढे सासूबाईंचे गुडघे धरले, उभं राहवेना, तेव्हा त्या माझ्या हातचं जेवू लागल्या. धर्मानं जे केलं नाही ते संधिवातानं केलं, असं मी गमतीनं म्हणते. नवऱ्याला ती गंमत आवडत नाही.

हे घरगुती गाऱ्हाणं वर्तमानपत्रात का, असं कुणी विचारील. तर हल्ली चर्चच्या सभांतून, शिबिरांतून ‘वंश, वर्ण आणि श्रद्धा यांवर आदरानं बोलूया’ असा सूर ऐकू येतो. अमेरिकेतल्या गोऱ्या-काळ्यांची उदाहरणं येतात, मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव निघतं, सगळे माना हलवतात. अमेरिकेतल्या चर्चनं काय करावं याबद्दल आमच्याकडे एकमत पटकन होतं. छावणीतल्या चर्चनं काय करावं हे विचारलं की चहा येतो.

खरं तर तिकडचा वर्णभेद आणि इकडची जात ही दोन प्रकरणं एकमेकांना जोडून पाहायला मराठी माणसाला कुणा परदेशी वक्त्याची गरज नाही. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ 1873 मध्ये अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्याच वर्षी आमचे जालन्याचे शेषाद्री न्यूयॉर्कला ख्रिस्ती लोकांच्या मोठ्या परिषदेला गेले होते. ब्राह्मण घरात जन्मलेला हा माणूस 1843 मध्ये ख्रिस्ती झाला. त्याच्यामागोमाग धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी जाऊन राहिला, तेव्हा मुंबईत केवढा गहजब झाला होता! कोर्टानं पोरगं आईबापांना परत दिलं, आणि मग मिशनऱ्यांकडे जेवलेल्या मुलाला जातीत परत घ्यायचं की नाही यावर रण पेटलं. घ्यावं म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही लोकांनी सोडलं नाही. पोराच्या पोटात कुणाच्या हातचं अन्न गेलं, एवढाच सगळा प्रश्न. त्याच घरातला थोरला पुढे जालन्याजवळ निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून बेथेल नावाची वसाहत उभी करतो आणि मांग-महारांबरोबर राहतो. माझ्या माहेरच्यांना त्याचा अभिमान आहे. मलाही आहे. पण त्याच बेथेलच्या बाजूनं आलेल्या सुनेच्या कालवणाला छावणीत कुणी शिवत नव्हतं, ही गोष्ट शेषाद्रींच्या चरित्राइतकीच आमच्या इतिहासात बसते.

आपल्याकडे भेद वरून खाली एकाच ठिकाणी थांबत नाही, पायरीपायरीनं उतरतो. फुले दांपत्याच्या शाळेतली चौदा वर्षांची मुक्ता साळवे हिनं 1855 मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो छापला ‘ज्ञानोदय’नं, म्हणजे नगरच्या मिशनच्या नियतकालिकानं. त्यात ब्राह्मणांवर तर तिनं कोरडे ओढलेच, पण महारही मांगांना हलकं मानतात, त्यांच्या सावलीचा विटाळ मानतात, हेही त्याच दमात सांगितलं. एकी बिघडेल, लोक काय म्हणतील, असा विचार त्या पोरीनं केला नाही. आज कुठल्या चर्चच्या मासिकात कुणी मुलगी असं लिहील का, आणि लिहिलंच तर संपादक ते छापतील का, याची मला शंका आहे.

म्हणून ‘आदरानं बोला’ म्हणणाऱ्यांना माझा पहिला प्रश्न असतो: आदर कुणाचा?

1857 साल घ्या. आमच्या छावणीत त्या जूनमध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळानं बंड केलं. त्याच वर्षी तिकडे दक्षिण आफ्रिकेत, केप कॉलनीत, डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मसभेपुढे एक विषय आला. काही गोऱ्या सभासदांना काळ्या-सावळ्या ख्रिस्ती माणसांबरोबर एका प्रभुभोजनाला बसणं जड जात होतं. सभेनं ठराव फार सभ्य केला. शास्त्राप्रमाणे सगळ्यांनी एकत्र बसणंच इष्ट, पण काही जण अजून दुर्बळ आहेत, तेव्हा त्यांच्यासाठी जिथे गरज पडेल तिथे वेगळी उपासना चालेल. शिवीगाळ नाही, द्वेष नाही, उलट दुर्बळांची कणव. 1881 मध्ये त्याचं वेगळं मिशन चर्चच झालं, आणि पुढच्या शतकात वर्णभेदाच्या राजवटीला बायबलचा आधार शोधून देण्यात त्याच परंपरेतली माणसं पुढे होती. ज्यांना वेगळं बसवलं, त्या मिशन चर्चनंच 1982 मध्ये बेलहार इथं या सगळ्याविरुद्ध विश्वासाचं निवेदन मांडलं आणि 1986 मध्ये ते स्वीकारलं. सव्वाशेहून जास्त वर्षं ‘दुर्बळांचा’ आदर चालला होता. तो कुणाच्या ताटातून काढून कुणाला वाढला जात होता, हे तेवढं कुणी विचारत नव्हतं.

आमच्याकडेही सभेत कुणी जातीचं काढलं की लगेच काळजी कुणाची? ज्येष्ठांची. ‘त्यांना वाईट वाटेल.’ ज्या सुनेला, ज्या पोराला रोज वाईट वाटतं त्यांना सवय आहेच.

यावर हुकमाचा एक्का म्हणून गलतीकरांस पत्रातलं ते प्रसिद्ध वचन टाकलं जातं: ख्रिस्तात यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र असा भेद नाही. वचन खरं आहे. पण ते तिसऱ्या अध्यायात आहे, आणि वाचणाऱ्यानं दुसरा अध्याय वगळलेला असतो. दुसऱ्या अध्यायात अंत्युखियाला पेत्र परजातीयांच्या पंक्तीला बसत होता. यरुशलेमेहून काही माणसं आली तसा तो पानावरून उठला, आणि पौलानं त्याला सगळ्यांदेखत जाब विचारला. खाजगीत कानात सांगितलं नाही. भेद नाही हे वाक्य लिहिण्याआधी पौलानं पंक्तीतलं भांडण केलं होतं. तसंच प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय: ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी ‘कुरकुर करू नका’ असं म्हटलं नाही. सगळ्या मंडळीला बोलावलं, सात माणसं नेमली. त्या सातांची नावं वाचा. सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती कोठाराच्या किल्ल्या. आमच्या किती पाळकीय समित्यांनी हा अध्याय कारभारात आणलाय?

आता आमच्या मंडळीत आम्ही काय केलं ते सांगते. नाव सांगत नाही, छावणीत चर्च एकच नाही.

उपवासकाळात बुधवारी संध्याकाळी संडे स्कूलच्या खोलीत बाकं गोलात मांडून बसायचं ठरलं. पाळकसाहेबांनी व्यासपीठ सोडून बाकावर बसायचं, ही अट त्यांनीच घातली. नियम फार केले नाहीत. दुसऱ्याच्या घरचं बोलायचं नाही, स्वतःच्या घरचं बोलायचं. कुणी बोलून झालं की लगेच वचन वाचायचं नाही, प्रार्थनाही करायची नाही. हा नियम आमच्यातल्या भाविकांना सर्वांत जड गेला. एक काका पहिल्याच दिवशी दोन मिनिटांत ‘शेवटी आपण सगळे एकच’ यावर आले. त्यांच्यासाठी शेवट आधीच येतो! त्यांना सांगितलं, काका, शेवट आला की तुम्हालाच बोलवू, तोवर बसा. ते बसले, आणि पुढच्या बुधवारीही आले.

सर्वांत मोलाचं मला जे वाटलं ते असं. सुरुवातीला सगळ्यांच्या नजरा आमच्यासारख्यांकडे वळल्या: तुम्ही सांगा, तुम्हाला काय सोसावं लागलं. ऐकणारे हळहळायला तयार होऊन बसलेले. मी नाही म्हटलं. ज्यांनी सोसलं त्यांना दर वेळी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करायचं, आणि बाकीच्यांनी डोळे पुसून घरी जायचं, यात काही आदर नाही. ज्या घरात भेद पाळला गेला, त्या घरानं आधी बोलावं. बराच वेळ कुणी बोलेना. मग माझा नवरा आपल्या आईबद्दल बोलला, तिखटाचं. त्याला सगळं माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर दोन ब्राह्मण-ख्रिस्ती घराण्यांतली माणसं बोलली. त्यांच्याकडे लग्नं अजून कुठवर जमतात आणि कुठे अडतात ते त्यांनी स्वच्छ सांगितलं. आईबापांना वाईट म्हणावं लागलं नाही. फक्त घडलं ते घडलं म्हणावं लागलं.

बोलण्यातून कामाचं निघालं ते स्वयंपाकघरातून. प्रीतिभोजनाच्या दिवशी भात-वरण कोण करतं, वाढतं कोण आणि मागे बसून पातेली कोण घासतं, याची एका तरुण मुलीनं आठवून आठवून यादी सांगितली. वर्षानुवर्षं त्याच चार-पाच घरांतल्या बाया पातेल्यांपाशी होत्या. कुणी नेमलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं, तरी होत्या. आता कामाची यादी पहिल्या नावाच्या अक्षरक्रमानं लागते आणि पुरुषांचीही नावं त्यात असतात. एका डॉक्टरांनी पातेलं घासलं त्याचे फोटो फार निघाले. तेही बंद करायला हवं.

वर्ण आणि वंश हा प्रश्न छावणीला वेगळाही आहेच. लष्करामुळे ईशान्येकडची ख्रिस्ती कुटुंबं येतात, केरळची येतात. विद्यापीठात शिकायला आफ्रिकेतली मुलं येतात. असाच एक मुलगा आमच्याकडे उपासनेला यायचा. बाक भरलेला असला तरी त्याच्या दोन्ही अंगांना जागा मोकळी राहायची. नाताळात त्याला पुढे बसवून हार घातला, ‘आपले पाहुणे’ म्हणून ओळख करून दिली. पुढच्या वर्षीही तसंच. तो हसून म्हणाला, मी इथं बाप्तिस्मा झालेला माणूस म्हणून येतो, मला दर वेळी पाहुणा का करता? त्याला गाण्याच्या गटात घ्यावं हे कुणाला सुचलं नव्हतं. त्याचा आवाज आमच्या सगळ्या टेनरांपेक्षा बरा होता. शिक्षण संपून तो गेला, आमच्या बुधवारच्या बैठका मागाहून सुरू झाल्या.

बैठकांना विरोध झाला, अजून आहे. म्हणणं असं: दिवस कसे आहेत पाहता ना? प्रार्थनासभांवर हल्ले होताहेत, धर्मांतराचे कायदे होताहेत, आणि तुम्ही आपल्याच तोंडानं सांगताय की चर्चमध्ये जात आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. ही भीती मला पोकळ वाटत नाही. पण या झाकल्या मुठीची किंमत आम्ही एकदा भरलेली आहे.

10 ऑगस्ट 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. महाराष्ट्रात आम्हाला इतर मागासवर्गात बसवलं. मद्रासमध्ये रस्त्याकडेला चपला शिवणारा सूसाई नावाचा एक ख्रिस्ती माणूस होता. सरकार अनुसूचित जातीच्या चांभारांना दुकानासाठी फुकट टपऱ्या देत होतं, त्याला मिळाली नाही. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. 1985 मध्ये निकाल त्याच्याविरुद्ध लागला, आणि कारण वाचण्यासारखं आहे: धर्म बदलल्यावरही ख्रिस्ती समाजात जातीचा तोच जाच तितक्याच तीव्रतेनं टिकून आहे, हे दाखवणारी पुरेशी सामग्री न्यायालयापुढे आली नव्हती. कोण आणणार ती? मंडळ्यांनी तर जात नाही असंच सांगितलेलं. एकीकडे आम्ही दिल्लीत मागणी करतो की आमच्यात जात शिल्लक आहे म्हणून हक्क द्या, आणि रविवारी वेदीसमोर म्हणतो की आमच्यात जात नाही. दोन्ही वाक्यं एकाच माणसाच्या तोंडची. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्रानं या प्रश्नावर न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला, तेव्हाही प्रश्न तोच होता: पुरावा कुठे आहे?

पुरावा ठेवायला लागलो तर दुसरी अडचण. आमच्या बाकांवर बसणाऱ्या काही जणांच्या कपाटात ‘हिंदू’ लिहिलेला जातीचा दाखला आहे. त्यावर पोरांची शिक्षणं झालीत. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात असा दावा म्हणजे संविधानाशी लबाडी असं म्हटलं. अशा माणसाला आम्ही गोलात बसवून ‘मोकळेपणानं बोल’ म्हणणार का? म्हणून आमच्या बैठकांची टिपणं नावाशिवाय ठेवली जातात, मोबाइल बाहेर टेबलावर राहतात, आणि कुणाला बोलायचं नसेल तर कारण विचारलं जात नाही. या दाखल्यांवर नाक मुरडणारे चर्चमध्ये पुष्कळ आहेत. बहुतेकांच्या पोरांना दाखल्याची गरज पडलेली नसते.

कॅथलिक धर्माध्यक्षांनी डिसेंबर 2016 मध्ये दलित सबलीकरणाचं धोरण जाहीर केलं, त्यात अस्पृश्यता चर्चमध्येही आहे हे त्यांनी लेखी मान्य केलं. आमच्या प्रॉटेस्टंटांकडेही अरविंद निर्मळांसारखा विचारवंत होऊन गेला. 1981 मध्ये बंगळुरूला त्यांनी दिलेल्या व्याख्यानातून दलित ईश्वरविज्ञानाची वाट निघाली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी देशभर दलित मुक्ती रविवार पाळायचा असतो. छावणीत त्या दिवशी एक प्रार्थना वाचली जाते आणि नंतर नाताळच्या वर्गणीची सूचना होते. वर्गणीच्या सूचनेला जास्त वेळ लागतो.

छावणीपासून हाकेच्या अंतरावर नागसेनवन आहे. 1 सप्टेंबर 1951 ला डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते मिलिंद महाविद्यालयाची कोनशिला बसली तिथं. आमच्या मंडळीतली कितीतरी मुलं तिथं शिकली. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर कठोर लिहिलंय: धर्म बदलला तरी चर्चनं जात मोडली नाही, आणि ही माणसं आपल्या हक्कासाठी संघटितही होत नाहीत. ते लिखाण माझ्याच पिढीतल्या पुष्कळांनी वाचलेलं नाही, वाचू दिलं गेलं नाही असंही म्हणता येईल. पुढच्या फेरीत ते वाचावं असं मी सुचवलं, तेव्हा एका सभासदानं विचारलं, ‘उपासनेच्या खोलीत आंबेडकर?’ मी म्हटलं, खोली संडे स्कूलची आहे, आणि मुलं तशीही परीक्षेसाठी त्यांच्यावर निबंध लिहितातच.

यंदा या बैठका उपवासकाळाची वाट न पाहता ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात घ्याव्यात, 1950 च्या आदेशाविरुद्ध 10 तारखेला होणाऱ्या निषेधाला दिल्लीकडे तोंड करून उभं राहण्याआधी आपापसात एकदा बसावं, असा माझा प्रस्ताव पाळकीय समितीपुढे आहे. सोबत दुसरी मागणी: समितीत आणि लग्नं जुळवणाऱ्या महिला मंडळाच्या कार्यकारिणीत पातेली घासणाऱ्या घरांतल्या किमान दोघी हव्यात, आणि खजिन्याची वही त्यांतल्या एकीकडे. पहिल्या प्रस्तावाला पाळकसाहेबांचा पाठिंबा आहे. दुसऱ्यावर ‘वातावरण बघून निर्णय घेऊ’ असं सचिवांचं उत्तर आलंय. मी त्यांना कृत्यांच्या सहाव्या अध्यायाची झेरॉक्स पाठवली आहे, सातही नावांखाली रेघ मारून.